तिसरीच्या बाई

आमच्या शाळेत तिसरीचा वर्ग कुठला, हे कुणाला विचारावं लागत नसे. ज्या वर्गातून वास येई तो तिसरीचा. कधी भिजलेल्या सुतळीचा, कधी करपलेल्या दुधाचा, कधी चुन्याचा, आणि एकदा तर चांगला आठवडाभर सडक्या कांद्याचा. मी शेजारी चौथीला. मध्ये एकच भिंत, खिडक्या एका ओळीत, आणि वारा मेला नेमका तिसरीकडून चौथीकडे वाहणारा. नाकाला पदर लावून मी भागाकार शिकवलाय, खोटं नाही सांगत.

"बाई, तो कांदा टाका हो आता," एकदा मी अक्षरशः हात जोडले.

"का गं? अजून पाणी सुटायचंय त्याला. पोरं रोज बघतायत."

"पण वास!"

"मग? पोरांनी फळ्यावर 'सडणे' लिहिलंय. नुसतं लिहून कळतो होय तो शब्द?"

मी माझ्या वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि जूनच्या उकाड्यात मुलांसकट शिजत बसले.

शाळा इकडच्या हिंदी मुलखातली, लश्कर भागातली, जुनी. कोणे एके काळी मराठी माध्यमाची होती म्हणतात. आता मराठी उरलंय ते एका तासापुरतं, ज्यांच्या घरच्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. मुलांची आडनावं पाहावीत तर थेट दख्खनची, आणि तोंड उघडलं की "मैम, इसने मेरी रबर ले ली". आम्ही शिक्षिकाही काही वेगळ्या नाही. मी पुण्याला मावसबहिणीकडे गेले आणि "मी येऊन राहिले ना" म्हटलं की तिकडे पोट धरधरून हसतात. हसोत बापडे. तर अशा शाळेत आम्ही सगळ्या झालो होतो मॅडम, आणि एकट्या त्याच राहिल्या होत्या बाई. मराठी मुलं बाई म्हणत, हिंदी मुलं बाई म्हणत, घंटा देणारा शिपाई बाई म्हणे. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चष्म्याला मागून काळी दोरी बांधलेली, आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत काय निघेल याचा नेम नसे. गळका नळ, कुलूप, दिव्याच्या वाती, सायकलची साखळी. पुस्तक मात्र मी त्यातून निघालेलं कधी पाहिलं नाही.

मी शाळेत नवी लागले तेव्हाची गोष्ट. नव्या शिक्षिकेचा पाठ कसा होतो ते बघायला मला एक तास तिसरीला पाठवलं. मी फळ्यावर छान चित्र काढलं, पाणी, खाली आग, वर वाफ. बाई मागच्या बाकावर बसून होत्या. तास संपल्यावर मला म्हणाल्या, "चित्र सुरेख काढतेस. दूध उतू जाऊ दिलंयस का कधी?"

"नाही हो. आई करते ना घरी सगळं."

"म्हणजे ऐकलंयस. केलेलं नाहीस."

लागलं मला ते. नवीन लग्न ठरलेली मुलगी मी, माझी बी.एड.ची पदवी ताजी, आणि ही बाई मला दुधावरून बोलते! पण पुढे कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. "केलंयत की ऐकलंयत?" पायात गोळे येतात म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी रोज चालायला सांगितलं, तर डॉक्टरांना विचारलं. शाळेतल्या सत्यनारायणाला गुरुजी उपासाचं महत्त्व सांगायला लागले, तर भर पूजेत गुरुजींना विचारलं. गुरुजींचं पोट पाहता तो प्रश्न विचारायला नको होता.

दाल बाज़ारातल्या सेठजींचा किस्सा तर आमच्या स्टाफरूममध्ये कितीदा सांगितला गेला असेल. बाई दरवर्षी शाळा सुरू झाली की त्या सेठजींच्या दुकानात जायच्या आणि झाडण मागायच्या. झाडण म्हणजे पोती उघडता-बांधता जमिनीवर सांडलेलं, संध्याकाळी झाडून गोळा केलेलं धान्य. त्यात तूर, मसूर, मूग, उडीद, खडे, सुतळीचे तुकडे, सगळं एकत्र. तिसरीची मुलं ते निवडत बसायची. आधी डोळे उघडे ठेवून, मग डोळे बांधून, नुसत्या बोटांनी. पहिल्या वर्षी सेठजी नवा होता, त्याला काय माहीत. त्याला वाटलं, बिचाऱ्या मास्तरीणबाई, घरात खायला नसेल, तोंडानं कसं मागणार. त्यानं गुपचूप झाडणाऐवजी निवडलेली, पॉलिश केलेली तूरडाळ बांधून दिली. बाईंनी वर्गात येऊन पुडकं सोडलं, आणि जे भडकल्या! तशाच उन्हात उलट्या पावली दाल बाज़ारात.

"ये क्या दिया आपने? ये तो साफ है!"

"बहनजी, आपके लिए अच्छी वाली दी है," सेठ बिचारा हात जोडून.

"अच्छी का मैं क्या करूँ? मुझे कचरा दीजिए!"

सगळा बाजार बघत होता म्हणे. त्यानंतर सेठजी दरवर्षी झाडण वेगळं काढून ठेवायला लागला, आणि त्यात आपल्या मनानं मूठभर राजमाही टाकायचा. मुलांना जरा कठीण जावं म्हणून.

पण मला बाईंची सगळ्यात जास्त आठवते ती एक खोड. मुलांच्या हातात काही दिलं की त्या स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायच्या. थंडी असो वा मे महिना. मला आधी वाटलं, ही काहीतरी म्हातारपणाची सवय. मग एकदा मी त्यांच्या वर्गात काही निरोप द्यायला गेले होते. एक मुलगा सुईत दोरा ओवत होता. ओवत होता म्हणजे, दोरा थुंकीनं भिजवून भिजवून त्याची पार वात झाली होती, जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "आण बाळा, मी देते."

"हात मागे घे!" बाई अशा ओरडल्या की मी दचकून भिंतीला टेकले. मुलांसमोर! मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, माझेसुद्धा शिवशिवतात. म्हणून तर बांधून ठेवते."

त्या मुलानं दोरा ओवला तेव्हा मधली सुट्टी निम्मी संपली होती. तो सुई वर धरून व्हरांडाभर धावत सुटला, आणि बाई मागून "अरे टोचेल कुणाला, मेल्या!" म्हणत धावल्या. डबा दोघांनीही खाल्ला नाही.

आता त्या फार थोर होत्या, देवी होत्या, असलं काही मी म्हणणार नाही. त्यांची मुलं वर्षाअखेरीस माझ्याकडे चौथीत यायची, तेव्हा भोगायचं मी. अभ्यासक्रम अर्धा राहिलेला. पाढे विचारले की माना खाली. "पण मॅडम, मला नळाचा वॉशर बदलता येतो." अरे, वॉशरचं मी काय करू, परीक्षेत येतो का वॉशर? आणि बाई अन्यायही करत. सगळं तोंडपाठ असलेली एक गुणी मुलगी होती, तिचं कधी कौतुक म्हणून केलं नाही. ती बिचारी हात वर करकरून थकायची आणि बाई एखाद्या ढ गोळ्याजवळ फतकल मारून बसलेल्या. यावरून आमची खूप भांडणं झाली. आम्ही चार-चार दिवस बोलत नसू. मग त्या डब्यातलं काहीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवत आणि म्हणत, "खा, पोरांनी केलंय." त्यात बहुधा मीठ जास्त असे.

आणि विळी! विळीबद्दल सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. त्या दर वर्षी दिवाळीच्या आधी, अपूर्णांक शिकवायची वेळ आली की घरून विळी आणायच्या. इथल्या हिंदी घरांत हे प्रकरण कुणाला माहीत नसतं. पाट, त्याला उभं पातं, त्यावर एक पाय दाबून बसायचं आणि पातं हलवायचं नाही, काकडी हलवायची. नव्या मुलांचे डोळे विस्फारायचे. "बाई, ये तो तलवार है!" मग एकेक मूल पाटावर बसे, समोर बाई, हात पदरात. आधी काकडीचे दोन भाग, मग चार, मग आठ. शेवटी ज्याला जमेल त्यानं काकडी चोचवून बारीक करायची आणि सगळ्यांनी मिळून दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करायची. शेजारी हळदीची डबी उघडून ठेवलेली असे. एखाद्याला थोडंफार लागायचंच. लागलं की हळद दाबायची, की पुढचा नंबर. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि कुणाच्या घरून एक शब्द आला नाही. उलट आया सांगत यायच्या की पोरगं घरी कोशिंबीर मागतंय, कशी करतात ती?

मग एका वर्षी वर्गात गुनगुन नावाची मुलगी होती. पाव भाग इतका नेमका कापला तिनं, की मैत्रिणीला दाखवायला मान वळवली, आणि बोट पात्यावर. फार नाही, पण रक्त आलं. बाईंनी हळद दाबली. इथवर ठीक. पण बाई त्या, तिथे थांबतील कशा? त्यांनी सगळ्या वर्गाला भोवती गोल बसवलं. "ओरडू नका. बघा. रक्त आपोआप कसं थांबतं ते बघा." सगळा वर्ग श्वास रोखून गुनगुनचं बोट बघत बसला. रक्त थांबलं तशा टाळ्या पडल्या. मला चौथीत ऐकू आल्या. गुनगुन तर त्या दिवसाची राणीच झाली. शाळा सुटल्यावर बोट उंच धरून फाटकापर्यंत मिरवत गेली.

आणि फाटकात कुणाच्या तरी आईनं त्या बोटाचा फोटो काढला. रक्त आणि हळद मिसळलं की कसं दिसतं ते सांगायला नको. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर. "बच्चों के हाथ में हथियार." "स्कूल है या कसाईखाना?" कुणी म्हणालं टिटॅनस, कुणी म्हणालं पोलीस. ज्यांची मुलं तिसरीत नव्हती तेसुद्धा बोलले. गुनगुनच्या घरचे तेवढे गप्प होते. दुसऱ्या दिवशी तिची आजी आली, जुन्या फौजी घराण्यातली, खणखणीत आवाजाची. ऑफिसात उभी राहून म्हणाली, "बोट आमच्या पोरीचं कापलं, आणि रडतायत ह्या दुसऱ्या बायका! काय चाललंय काय?" पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संस्थेच्या सचिवांनी बाईंना बोलावलं. आम्हा प्राथमिकच्या शिक्षिकांनाही बसवलं होतं, आम्हालाही धडा मिळावा म्हणून. सचिव तसे वाईट नाहीत. म्हणाले, "बाई, आता विषय वाढवू नका. विळी आणणार नाही म्हणा, आणि असलं सगळं तुम्ही स्वतः करून दाखवा. मुलं बघतील लांबून. झालं, संपलं."

"विळी नाही आणत," बाई म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात पोरं नुसती बघत बसणार नाहीत."

"मग वर्ग नाही देता यायचा."

बाई हसल्या. त्यांना ते खरं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. सोमवारी तिसरीला एक नवी मुलगी आली, नीटनेटकी, गोड आवाजाची, आणि बाईंना व्हरांड्याच्या टोकाला पुस्तकांच्या कपाटापाशी टेबल-खुर्ची देण्यात आली. ज्या बाईच्या पिशवीत जन्मात पुस्तक नव्हतं, तिला कपाटभर पुस्तकांची किल्ली! हसावं की रडावं.

खरं सांगू? पहिले काही दिवस मला बरं वाटलं. वास नाही, आरडाओरडा नाही, पुढच्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे पाढे पाठ. मग एक दिवस मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते आणि एकदम जाणवलं, पलीकडे मुलं आहेत की नाहीत? इतकी शांतता. बाहेर येऊन तिसरीच्या खिडकीतून बघितलं तर होती सगळी. हाताची घडी घालून बसली होती. आणि बाहेर व्हरांड्यात बाई, पुस्तकांना ऊन दाखवायच्या निमित्तानं उभ्या, वर्गात बघत. मला बघून म्हणाल्या, "वाळवी लागलीय गं पुस्तकांना." वाळवी कसली लागतेय. पुस्तकं नवी होती.

तिथूनच त्या निवृत्त झाल्या. हार-नारळ झाला, माधवगंजला आपल्या खोल्यांवर राहायला लागल्या. संसार त्यांनी केलाच नव्हता. तिसरीचा वर्ग हाच काय तो संसार, आणि तो आधीच हिरावून घेतला होता. मी अधूनमधून जायची. घर लख्ख असायचं. इतकं लख्ख की बसवत नसे.

आणि मग, बघा दैवाची थट्टा, वरून आदेश आला. मुलांनी करून शिकायचं! हिंदीतलं काहीतरी भलंमोठं नाव होतं त्याला, मला आजही एका दमात म्हणता येत नाही. आम्हा सगळ्यांना सिटी सेंटरच्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला नेलं. गार हवा, दुपारी पनीर. टाय लावलेला एक मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होता, "बच्चा सुनकर नहीं, करके सीखता है." सगळ्यांनी लिहून घेतलं. मी मात्र पनीरचं ताट बाजूला सारलं. बाईंनी हेच म्हटलं तर त्यांना कपाटापाशी बसवलं, आणि हा म्हणतो तर ह्याला गुच्छ!

सोबत शाळेला एक मोठा खोका मिळाला. त्यात प्लास्टिकची फळं, मधोमध चिकटवलेली. प्लास्टिकच्याच सुरीनं कापली की चर्र आवाज होऊन दोन तुकडे होतात, पुन्हा चिकटवून ठेवायची. मी एका मुलाला लिंबू दिलं. त्यानं कापलं, दोन्ही तुकडे पिळून बघितले, नाकाशी धरले आणि मला विचारलं, "मैम, इसमें से कुछ निकलता क्यों नहीं?"

मी त्याच दिवशी सचिवांकडे गेले. तोवर प्राथमिक विभाग माझ्याकडे आला होता, त्यामुळे माझं जरा ऐकत. म्हटलं, साहेब, ह्या कामाला आपल्याकडे माणूस आहे. माधवगंजला बसलाय रिकामा. त्यांना परत आणा, ह्या विषयाला जी वेगळी खोली काढायचीय ती त्यांच्या ताब्यात द्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. मग म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी एक नमुना पाठ घेऊ द्या त्यांना. समितीची माणसं बघतील, प्रशिक्षणवाला मुलगाही येईल. पण बघा हं, मागच्यासारखं काही नको. पाठ चांगला झाला तर खोली त्यांची."

मी धावतपळत माधवगंजला गेले. बाईंना सांगितलं, तर त्या एकदम खाली बसल्या. पाटावर नाही, खुर्चीवर नाही, जिथे उभ्या होत्या तिथे जमिनीवर. "मुलं कुठली? तिसरीचीच?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. मग डोळे पुसले आणि चहा टाकायला उठल्या. चहात साखर घालायच्या विसरल्या. मी तसाच प्यायला.

पुढचे दिवस त्यांचा फोन सारखा. काय शिकवू? विरघळणं घेऊ? लिंबाचं सरबत घेतलं तर चालेल? मी म्हटलं, छान. "लिंबं मुलांनी कापायची?" मी अडखळले. म्हटलं, बाई, ह्या वेळी सुरीबिरी नको. त्या लगेच म्हणाल्या, "नाही नाही, नकोच. मी घरून कापून आणीन." इतक्या लगेच म्हणाल्या की मला कसंसंच झालं. बाई आणि वाद नाही! पण मी स्वतःला समजावलं, वय झालं, शहाणपण आलं असेल. एवढी खोली मिळू दे, मग आहेतच त्या आणि त्यांचे सडके कांदे.

नमुना पाठाच्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. टेबलावर पांढरी चादर, त्यावर काचेचे पेले, कापलेली लिंबं, साखरेची वाटी. मुलं दोन ओळींत, हाताची घडी घालून. मागे खुर्च्यांवर सचिव, समितीची माणसं, टायवाला मुलगा मोबाईल उभा धरून. मी दाराशी. आणि बाईंनी सुरू केलं. लिंबू पिळलं, बिया काढल्या. साखर घातली, "बघा, दिसतेय ना?" ढवळलं, "आता बघा, दिसतेय का?" गाळलं, पेल्यांत ओतलं. आवाज गोड, सगळं वेळेत, चादरीवर एक डाग नाही. सगळं त्यांनी केलं. त्यांचे हात एकदा म्हणून थांबले नाहीत.

मी वाट बघत होते. आता एखाद्याला पुढे बोलावतील, आता बोलावतील. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं घडी सोडली, हात वर केला आणि अर्धी उठून म्हणाली, "बाई, मैं हिलाऊँ?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मागच्या खुर्च्यांकडे बघितलं. "नको बाळ," त्या म्हणाल्या, "सांडेल. तू बघ तिथूनच."

मुलगी बसली. घडी घातली.

पाठ संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टायवाला मुलगा म्हणाला, "वेरी नीट, मैडम." सचिव स्वतः उठून पुढे आले, हातात हात घेतला. "बाई, हेच आम्ही तेव्हा म्हणत होतो. बघा किती छान झालं. सुट्टीनंतर या, खोली तयार ठेवतो." बाई नुसत्या मान हलवत राहिल्या.

त्यांना सोडायला मी ई-रिक्षात बरोबर बसले. माधवगंज येईपर्यंत मीच बडबडत होते, खोली कशी लावू, काय काय मागवू. रिक्षा थांबली तरी उतरेनात.

"मी येणार नाही गं," त्या म्हणाल्या.

"अहो बाई! मिळाली ना खोली. आज सगळ्यांना आवडलं."

"म्हणूनच तर. मला ती खोली इतकी हवी होती, इतकी हवी होती, की समोर एवढी पोरं बसलेली आणि मला एकही दिसलं नाही. मला ती चादर दिसत होती. सचिव दिसत होते." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, सांडू नये. आज मी पोरांना पाणी दाखवलं आणि प्यायला दिलं नाही. हे करायला मी कशाला हवी? तो प्लास्टिकचा खोका आहे की."

मी खूप समजावलं. एकदा खोली हातात येऊ द्या, मग तुमच्या मनासारखं करा, मी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग उतरल्या, पदर सावरला आणि वळून विचारलं, "ती हलवू का म्हणाली ती पोरगी. नाव काय तिचं?"

"मला नाही माहीत बाई."

"मीपण विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

सुट्टीनंतर त्या आल्या नाहीत. खोली सजली, रंग लागला, दारावर पाटी लागली, आणि कुणीतरी बघायला हवं म्हणून ती माझ्याकडे आली. समिती खूश आहे. मी नाही. आता तिथून कसलाच वास येत नाही, आणि मी रोज त्या वासाची आठवण काढते, ज्याच्या नावानं मी इतकी वर्षं खडे फोडले.

त्या मुलीचं नाव मी शोधून काढलं. श्रेया. बाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "तिला सांग, त्या दिवशी बाईंचं चुकलं. माझ्या नावानं सांग. मोठ्या माणसांचं चुकतं हे तिला कळू दे. आणि तिच्या हातून सरबत करून घे एकदा."

मी तिसरीत गेले. श्रेया खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होती. मी तिच्याजवळ बसले, सगळं नीट सांगितलं, तिला कळावं म्हणून हिंदीतसुद्धा सांगितलं. बेटा, बाई ने कहा है, उस दिन उनसे गलती हो गई.

तिनं टोकावर फुंकर मारली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कौन-सी बाई, मैम?"